बिनटाक्याचा डोळा

मी एक लेन्स आहे. चष्म्यातली नव्हे आणि कॅमेऱ्यातली तर नव्हेच नव्हे. मी राहते सरुबाईच्या उजव्या डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागच्या बाजूला, आणि तिथूनच बोलतेय. मसुराच्या डाळीएवढी एक पारदर्शक चकती आणि तिला दोन बाजूंना दोन बारीक वाकडे हात, एवढंच माझं रूप. औंढे गावात मला कुणी लेन्स म्हणत नाही, भिंग म्हणतात. "सरूला भिंग बसवलं" असं म्हणतात. म्हणू देत, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आहे. पण ती सांगण्याआधी थोडं घराण्याबद्दल बोलू द्या, कारण मी मोठ्या घरची पोर आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एके काळी मोतीबिंदू झाला की डॉक्टर डोळ्यातलं गढूळ भिंग काढून टाकत आणि त्याच्या जागी काहीच ठेवत नसत. मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा नाकावर चढायचा आणि माणूस उरलेला जन्म दाराची चौकट चाचपत काढायचा. पुढे परदेशात मोठं युद्ध झालं. लढाऊ विमानांच्या प्लास्टिकच्या खिडक्या फुटून त्यांचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. नवल असं की डोळ्यांनी ते कपचे निमूट सांभाळून घेतले. एका डॉक्टरच्या हे नजरेत भरलं आणि त्यातून माझी पणजी जन्माला आली. पणजी जाडजूड होती, आजी कडक होती. त्यांना आत शिरायला डोळ्याला मोठी चीर द्यावी लागे आणि मग ती टाके घालून शिवावी लागे.

आमच्या पिढीनं ते सगळं मोडीत काढलं. मी मऊ आहे. माझी सुरळी होते. एका बारीक नळीतून मी डोळ्यात शिरते आणि आत गेल्यावर सावकाश उलगडते. जखम इतकी लहान असते की तिला टाका लागत नाही, ती आपली आपण मिटते. माणूस त्याच दिवशी चहा पिऊन घरी जातो. 'बिनटाक्याचं ऑपरेशन' ही आमच्या घराण्याची पाटी, आणि त्या पाटीचा मला भारी तोरा होता.

मी जन्मले ती धुळीचा कण नसलेल्या एका खोलीत. तोंडाला फडकं बांधलेल्या मुली आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली पारखायच्या. जरासा ओरखडा दिसला की लेन्स बाद. माझ्या शेजारच्या कितीतरी जणी तिथेच गेल्या. मी पास झाले, डबीत बंद झाले आणि तळेगावच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कपाटात येऊन बसले. प्रत्येक लेन्सला एक नंबर असतो आणि तो ज्या डोळ्याला जुळतो त्याच डोळ्याची ती व्हायची. लग्न जुळण्यासारखंच आहे ते, फक्त आमच्यात घटस्फोट नाही.

माझा नंबर जुळला सरुबाईशी.

सरुबाईचा डावा डोळा लहानपणीच गेला होता. खळ्यावर भाताची झोडणी चालली असताना एक कुसळ डोळ्यात गेलं, डोळ्यात फूल पडलं आणि तो डोळा कायमचा मिटला. उरला उजवा. त्या एका डोळ्यावर तिनं संसार केला, म्हशी राखल्या, मुलगा माऊली याला वाढवलं, त्याचं लग्न केलं. आता त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. गावच्या शाळेत शिबिर भरलं तेव्हा डॉक्टर अपूर्वा यांनी तिला तपासलं आणि सांगितलं, "आजी, उशीर करू नका. तुमच्याकडे हा एकच डोळा आहे."

तेव्हा उन्हाळा तोंडावर आला होता. सरुबाईनं मान हलवली. "उन्हाळ्यात न्हाई वो बाई. उन्हाळ्यात डोळा पिकतो, पानी धरतो. जरा गारवा पडू द्या, मंग येते."

उन्हाळ्याचा आणि डोळा पिकण्याचा काडीचा संबंध नाही हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पण जे सासूनं सांगितलंय, सासूच्या सासूनं सांगितलंय, ते एक पोरसवदा डॉक्टर येऊन सांगते म्हणून खोटं कसं ठरेल? सरुबाई गारव्याची वाट बघत बसली. मावळात गारवा पडतो तो पावसाबरोबर, आणि पावसाबरोबरच येते भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी. हे गणित तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पाऊस सुरू झाला आणि ऑपरेशन झालं. मी सुरळी होऊन आत गेले, उलगडले, दोन्ही हात टेकवून नीट बसले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि माझ्यातून पहिला उजेड तिच्यापर्यंत पोचला. डॉक्टर अपूर्वा यांनी निळा झगा घातला होता. सरुबाई त्या झग्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मोतीबिंदूनं तिचं सगळं जग पिवळट करून टाकलं होतं, निळा रंग असतो हेच ती विसरून गेली होती.

मग तिनं स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरले. "आगं बया! माजं हात येवढं म्हातारं कवा झालं?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला हसू फुटत नाही.

डॉक्टरांनी सूचना दिल्या त्या सून सारिका हिला समोर बसवून. महिनाभर डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये. डोक्यावरून अंघोळ नाही, खाली वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, शेतात तर पाऊलही टाकायचं नाही. औषधाचे थेंब वेळच्या वेळी, काळा चष्मा कायम. सारिका शहाणी मुलगी. तिनं सगळं मनात पक्कं केलं.

घरी आल्यावर सरुबाईला पहिल्यांदा काय दिसलं असेल? आढ्याला लटकलेल्या जळमटांच्या जाळ्या. त्यानंतर कळशीच्या बुडाचा काळा डाग. त्यानंतर तांदळातले खडे. "सारिका, आगं किती ह्या जाळ्या! मला वाटलं घर चकाचक हाय." सुनेच्या दृष्टीनं ऑपरेशन जरा जास्तच यशस्वी झालं होतं. पण तिनं झाडूला काठी बांधली आणि जाळ्या काढल्या. सासूला दिसतंय याचाच तिला आनंद होता. दुपारी ती सासूच्या डोळ्यात थेंब घाली आणि सासू विचारी, "तुज्या कानामागं तीळ हाय, ठावं हाय का तुला?"

ते थोडेसे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. असे दिवस पुन्हा आले नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गावात आवणी सुरू झाली. मावळात भात लावायला मजूर सांगत नाहीत, सावड करतात. आज सगळ्या बाया माझ्या खाचरात, उद्या सगळ्या तुझ्या खाचरात. ज्या घरानं हात दिला त्या घराला हात परत मिळतो. सरुबाईच्या घरची आवणी आधीच उरकली होती, भावकीतल्या बायांनी येऊन ती लावून दिली होती. आता फेड करायची होती आणि सारिका रोज त्यासाठी जात होती. तसं पाहिलं तर घराचा मान राखला जात होता. सरुबाईनं ओट्यावर बसून गारठलेल्या कोंबड्या मोजल्या असत्या तरी कुणी बोललं नसतं.

पण आक्काबाई आली. आक्काबाई तिची चुलत जाऊ, तोंडानं फटकळ आणि मनानं मोकळी. सावडीची म्होरकी तीच. डोकीवर प्लास्टिकचा कागद, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले, अशी ती ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

"कुटं कापलंय गं? दाव की."

सरुबाईनं काळा चष्मा काढला. आक्काबाईनं पापणी वर करून बघितलं, खाली करून बघितलं. डोळा पांढराशुभ्र. ना लाली, ना सूज.

"टाका न्हाई, पट्टी न्हाई, आन् म्हनं आपरेशन! आपल्या थोरल्या सासूबाईंचं आठवतंय का? डोक्याच्या दोन्ही अंगाला वाळूच्या पिशव्या लावून निजवलं हुतं. हसू बी देत न्हवते. भाकर कुस्करून भरवायचो आपुन. त्याला आपरेशन म्हनत्यात. तुजं म्हंजी कान टोचल्यासारकं झालं."

तिच्या बोलण्यात डंख नव्हता, ती जावेची थट्टा होती. सरुबाईही हसली. पण हसता हसता तिला लागलं ते दुसरंच.

गेल्या वर्षीची आवणी तिला आठवली. मोतीबिंदूमुळे तिला रोपं नीट दिसत नव्हती आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पंचक्रोशीत तिच्या लावणीचं नाव होतं. एका डोळ्याची बाई, पण तिची ओळ बघावी. त्या वर्षी मात्र तिच्या ओळी वाकड्या जात होत्या. बाया काही बोलल्या नाहीत. फक्त तिच्या मागून येणारी एक बाई गुपचूप तिची रोपं उपटून सरळ लावत होती. सरुबाईनं मागं वळून पाहिलं तेव्हा ते तिला अंधूक दिसलं. त्या दिवसापासून तिला बांधावर बसून रोपांच्या मुठी वाटायचं काम मिळू लागलं. पोरींनी मानानं दिलेलं काम, पण मान आणि वगळणं यातला फरक बाईमाणसाला कळतो.

हे सगळं मला ठाऊक आहे, कारण हे आठवताना ती समोरच्या रोपांकडे माझ्यातूनच बघत होती. ओट्यावरून खालची खाचरं दिसत होती आणि तिला एकेक काडी सुटी सुटी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका पुढे गेली आणि सरुबाई मागनं निघाली. तिचा नवरा हौशीराम गोठ्यापाशी होता. त्यानं विचारलं, "आगं, कुटं निगालीस? डाक्टरीन काय म्हनलीय?"

"नुसती बांधावर हुबी ऱ्हाते. घरात बसून अंग आकडलंय."

तिला पाहून सारिका खाचरातून ओरडली, "आत्या, तुमी कशाला आलाव? डोळा हाय का दगूड?" पण आक्काबाईनं तिला गप्प केलं. "येऊ दे गं. दोन मुठी लावंल आन् जाईल. टाका का तुटनाराय?"

टाका तुटणार नव्हता, कारण टाका नव्हताच. मी आत बसून ऐकत होते. जखम होती हो! बारीक होती, पण होती. नुकती कुठं मिटत होती. मला आवाज असता तर मी त्या सगळ्या बायांच्या वर आवाज काढला असता.

सरुबाई खाचरात उतरली, कंबरेत वाकली आणि लावू लागली. आणि खोटं कशाला बोलू, तिची ती पहिली ओळ बघताना मी सगळं विसरले. हात पाण्यात जातोय, वर येतोय, काडी उभी राहतेय, तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. ओळंबा लावावा तशी ओळ. आक्काबाईनं कंबर सरळ करून पाहिलं आणि हाळी दिली, "सरू, दोरी लावलीस का काय गं?" सगळ्या बाया बघू लागल्या. सरुबाईनं वर पाहिलं नाही. पण तिचा डोळा भरून आला होता आणि ते पाणी माझ्यासमोरच साठलं होतं.

काळ्या चष्म्यावर पावसाचे थेंब साचत होते, त्यातून ओळ दिसेना. तिनं तो काढून बांधावरच्या दगडावर ठेवला. थोड्या वेळानं कुणीतरी बांधावरून रोपांची मूठ फेकली. ती तिच्या पुढ्यातच पडली आणि चिखलाचं पाणी सपकन डोळ्यात गेलं. तिनं डोळा मिटला, हाताच्या मागच्या बाजूनं पुसला आणि पुढची काडी लावली. ती ओळ तिनं शेवटपर्यंत नेली.

घरी येऊन तिनं डोळा विहिरीच्या पाण्यानं धुतला. सुनेला यातलं काही सांगितलं नाही.

त्यानंतर आत काय चाललं ते मी पाहिलं. बाहेरून कुणाला कळण्याआधी मला कळलं. माझ्या भोवतालचं पाणी, जे नितळ असायचं, ते गढुळायला लागलं. बारीक बारीक पांढरे कण तरंगू लागले. माझ्या हातांना ते चिकटले, पाठीला चिकटले. चिखलातले जीव होते ते. त्यांना मिटत आलेल्या त्या चिरेतून वाट सापडली होती. मी दोन हातांनी जागा धरून बसलेली, मला ते हात हलवताही येत नव्हते.

सरुबाईचा डोळा ठणकत होता. ती म्हणाली, कचरा गेला आसंल. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. आदल्या दिवशी सगळ्यांनी वाखाणलेली बाई दुसऱ्या दिवशी घरी कशी बसेल? थेंब घालायच्या वेळेला ती सारिकाला म्हणाली, "माजं मी घालते," आणि पाठ करून बसली.

खाचरात जाता जाता ती म्हणाली, "आज धुकं लय उतारलंय. वाट बी दिसंना."

मावळात पावसाळ्यात धुकं उतरणं यात नवल ते काय? बायांनी मनावर घेतलं नाही. ड्यूक्स नोजच्या सुळक्याकडून उतरलेलं धुकं लोणावळ्यात घराच्या दारात येऊन बसतं, औंढ्यात समोरचा बैल दिसत नाही. सरुबाईलाही खरोखर तसंच वाटलं. जन्मभर पावसाळ्यात तिनं तेच पाहिलं होतं. ती चाचपत चाचपत ओळ लावत राहिली.

दुपारी पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं. बाया भाकरी खायला बसल्या. सरुबाई म्हणाली, "आगं, धुकं काय आज हटायचं न्हाई."

सारिकाचा घास हातातच राहिला. "कुटं धुकं, आत्या? समदा डोंगर मोकळा झालाय की."

 सारिकानं जवळ येऊन सासूची हनुवटी धरली आणि डोळा पाहिला. डोळा लालभडक होता आणि काळ्या भागाच्या तळाशी दह्यासारखा पांढरा थर साचला होता. आक्काबाईनं तोंडावर हात ठेवला. सारिका रडतच उठली आणि माऊलीला फोन लावायला बांधावर गेली.

तळेगावला डॉक्टर अपूर्वा यांनी डोळा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, कारण डॉक्टर रागावतात तेव्हा अजून काहीतरी करता येण्यासारखं असतं. त्यांनी तिथल्या तिथे डोळ्यात इंजेक्शन दिलं आणि स्वतः फोन करून पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे आणखी इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं, माझ्या मागची सगळी गढूळ जागा धुऊन काढली. डोळाच काढून टाकायची पाळी आली नाही, एवढंच काय ते पदरात पडलं. मला तिथेच राहू दिलं. पण माझ्या मागचा पडदा, ज्याच्यावर मी उजेड नेऊन ठेवायची, तो जळून गेला होता.

काही आठवड्यांनी तपासणीला गेल्यावर डॉक्टर अपूर्वा यांनी बॅटरी डोळ्यासमोर धरली. "आजी, उजेड दिसतोय का?"

"कंचा उजेड?" सरुबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. सारिका भिंतीला टेकून उभी होती. "मी सांगितलं होतं ना हो, आजी," त्या अगदी हळू म्हणाल्या. मग सारिकाकडे वळून, पण खरं तर स्वतःशीच, म्हणाल्या, "उगाचच एखादा टाका घातला असता तर? पट्टी बांधून पाठवलं असतं, तर ह्या घरी तरी बसल्या असत्या."

माझ्या घराण्यानं इतकी वर्षं खपून जो टाका घालवला, तो तिला हवा होता. दुखण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी. डॉक्टरांचं हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

सरुबाईनं पापणीवरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "बाई, ते भिंग खराब झालंय का?"

"नाही, आजी. भिंग चांगलंच आहे."

"मंग ते काडून घ्या. दुसऱ्या कुना गरिबाला घाला. माज्याकडं उगंच पडून ऱ्हाईल."

"तसं करता येत नाही हो," डॉक्टर म्हणाल्या आणि उठून खिडकीकडे गेल्या.

आता भात कापून झालाय. आक्काबाई रोज येते, ओट्यावर बसते आणि बोलता बोलता रडते. सरुबाईच तिला समजावते, "तुजा काय दोस? मीच आले माज्या पायानं." ते खरं आहे आणि त्यानं कुणालाच बरं वाटत नाही. सारिकानं ओट्यापासून मोरीपर्यंत दोरी बांधली आहे, ती धरून सरुबाई जाते-येते. हौशीराम तिच्या ताटात भाकरीचे तुकडे करून ठेवतो. घर तिला जपतं आणि ती जपून घेते, पण दिवसभर हात मांडीवर ठेवून बसलेली बाई मला बघवत नाही.

मी मात्र ठणठणीत आहे. माझ्यावर डाग नाही, ओरखडा नाही. रोज सकाळी ऊन येतं, मी ते गोळा करते आणि नेमक्या जागी नेऊन ठेवते. घ्यायला तिथे कुणी नसतं. मी सरुबाईहून कितीतरी जास्त वर्षं टिकणारी आहे, असं कारखान्यात आम्हाला मोठ्या कौतुकानं सांगायचे. आता ते आठवलं की नकोसं होतं.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माणसांना एक खोड असते. आंधळ्या माणसासमोर येऊन ती गुपचूप उभी राहतात, हात हलवून बघतात, बोटं नाचवतात, खरंच दिसत नाही ना याची खात्री करतात. परवा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला चांगला शिकलेला पाहुणा असंच करून गेला. त्याची पाचही बोटं मी स्वच्छ पाहिली. कधी औंढ्यात आलात आणि ओट्यावर सरुबाई दिसली, तर तसं करू नका. लांबूनच हाक मारा, आधी नाव सांगा, मग जवळ बसा. तुमचा चेहरा मला दिसेल, पण मी तो तिला देऊ शकणार नाही.